म्युनिसिपालिटीचा वकील

शहराच्या कारभारावर व्याख्यान द्यायचे म्हणजे महापौर, आयुक्त, नगरसेवक, कर, पाणी आणि गटारे यांचा परामर्श घ्यायचा, अशी आपल्याकडे वहिवाट पडून गेली आहे. या वहिवाटीत एक असामी नेहमी निसटते. ती निवडून येत नाही, तिच्या नावाचा फलक चौकात लागत नाही आणि सभागृहात कोणी विचारले तरच ती तोंड उघडते. ही असामी म्हणजे म्युनिसिपालिटीचा वकील. कोणी त्याला लॉ ऑफिसर म्हणतात, कोणी विधी अधिकारी; आमचे जुने कामगार सरळ ‘मुन्शिपाल्टीचा वकील’ म्हणतात. ज्याचे झोपडे पाडायचे ठरले आहे, ज्याला बारा वर्षे रोजंदारीवर राबवून घेतले आहे, ज्याच्या घरावर भलताच कर बसला आहे, अशा माणसाची आणि शहराच्या सत्तेची शेवटची गाठ पडते ती या वकिलाच्या द्वारे.

मी तीसएक वर्षे कामगार संघटनेचे काम करतो आहे. कायदा मी कॉलेजात शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत पडलेल्या निकालपत्रांवरून, शेजारी शब्दकोश ठेवून शिकलो. या सगळ्या काळात हा वकील आमच्या लोकांच्या शिव्यांचा धनी झालेला मी पाहिला आहे. त्याने त्या खाव्यात की नाही, हे ठरवण्यापूर्वी कायद्याने त्याला काय काम दिले आहे आणि ते कुठवर दिले आहे, हे पाहणे न्यायाचे होईल. त्यासाठी मी मुख्यतः मुंबईचा इतिहास घेतो. मध्येच एकदा नागपूरला जाऊन यावे लागेल, कारण कामगारांच्या दृष्टीने एक मोठी लढाई तिथे झाली.

मुंबईत कायद्याने बांधलेली म्युनिसिपालिटी खऱ्या अर्थाने उभी राहिली ती १८६५ साली. शहरातले ‘जस्टिस ऑफ द पीस’ मिळून एक संस्था झाली आणि कारभाराची सारी सूत्रे एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती गेली. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस मोठा धडाडीचा. त्याच्या नावाने ओळखला जाणारा बाजार आजही उभा आहे, आता महात्मा फुले मंडई या नावाने. पण खर्चाला त्याने हात आखडला नाही, आणि १८७१ मध्ये करदात्यांनी गिल्ला केला. त्या वादात तीनच वर्षांपूर्वी बॅरिस्टर होऊन परतलेल्या फिरोजशहा मेहतांनी प्रवाहाविरुद्ध जाऊन क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की काम करणाऱ्या हाताला बळ असलेच पाहिजे. चूक त्या बळात नाही, त्यावर नजर ठेवणारी मंडळी लोकांनी निवडलेली नाहीत ही खरी चूक आहे. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली, आणि त्यांतले ३२ करदात्यांनी निवडायचे ठरले. पुढे १८८८ चा तिसरा कायदा झाला. तो घडत होता तेव्हा फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही कायदेकौन्सिलात बसत होते. दोघेही हाडाचे वकील. शेकडो दुरुस्त्या पोटात घेऊन हाच कायदा मुंबईवर आजवर राज्य करीत आला आहे.

या कायद्यात कॉर्पोरेशन ही एक कायदेशीर व्यक्ती आहे. तिला शिक्का आहे, तिला मरण नाही, तिला दावा लावता येतो आणि तिच्यावरही लावता येतो. तिचा कारभार पाहणारे अधिकारी कोण, याची यादी चौथ्या कलमात आहे. मूळ यादीत तिघेच होते: खुद्द कॉर्पोरेशन, स्टँडिंग कमिटी म्हणजे स्थायी समिती, आणि आयुक्त. पुढे त्यात भर पडली, पण वकील त्या यादीत नाही. तो सत्ताधारी नाही, चाकर आहे. ही गोष्ट आमच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. त्यांना वाटते, कोर्टात उभा राहून ‘आम्ही देणार नाही’ म्हणतो तोच न देणारा. वास्तविक त्या काळ्या कोटाला देण्याचाही अधिकार नाही आणि नाकारण्याचाही नाही.

मग त्याचा संबंध येतो कुठे? ५१७ व्या कलमात. हे कलम मी अनेकदा वाचले आहे आणि युनियनच्या अभ्यासवर्गातही वाचून दाखवतो, कारण अख्ख्या कायद्यात इतकी उद्बोधक जागा क्वचितच सापडेल. कोर्टकचेरीच्या बाबतीत आयुक्ताने काय करावे हे त्यात क्रमाने सांगितले आहे. किरकोळ गुन्ह्यांचे खटले त्याने स्वतःच्या अधिकारात भरावेत, काढून घ्यावेत, तडजोडीने मिटवावेत. कॉर्पोरेशनवर कोणी दावा लावला तर त्याने बचाव करावा. त्यासाठी कोणाची मंजुरी नको. पण तोच दावा मान्य करायचा असेल, किंवा समोरच्याशी तडजोड करायची असेल, तर मात्र स्थायी समितीची मंजुरी पाहिजे. नवा दावा लावायलाही तीच मंजुरी पाहिजे.

वाचकहो, याचा अर्थ नीट पाहा. भांडत राहायला एकट्या आयुक्ताची सही पुरते. भांडण थांबवायचे तर समिती भरवावी लागते. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. शहराच्या तिजोरीतून तडजोडीच्या नावाखाली मर्जीतल्या माणसांना पैसे वाटले जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार स्पष्ट आहे आणि तो चांगलाही आहे. पण उतार एका बाजूला ठेवला की पाणी तिकडेच जाणार. म्युनिसिपालिट्या हरलेले दावेही वरच्या कोर्टापर्यंत का ओढत नेतात, याचे कारण लोक माणसांच्या दुष्टपणात शोधतात. निम्मे कारण या उतारात आहे. अपील केले म्हणून कोणा अधिकाऱ्याची चौकशी झाल्याचे मी ऐकलेले नाही. तडजोड केली की मात्र ‘किती घेतले?’ हा प्रश्न ठरलेला.

१८८८ च्या माणसांना हा उतार दिसला नसेल काय? दिसला असावा, कारण त्याच कलमात त्यांनी एक बांध घातला आहे. आयुक्ताने कायद्याचा सल्ला आधी घेतल्याशिवाय असा कोणताही बचाव करू नये, असे तिथे बजावले आहे. आणि एरवीही लागेल तेव्हा, किंवा कॉर्पोरेशनने वा स्थायी समितीने सांगितले म्हणजे, त्याने सल्ला घ्यावा अशी तरतूद आहे. म्युनिसिपालिटीच्या वकिलाची खरी जागा ही. कोर्टातल्या भाषणात ती नाही. भाषणाच्या आधी लिहिलेल्या त्या दोन पानांत आहे. ‘हा दावा लढण्याजोगा आहे का?’ या एका प्रश्नाचे खरे उत्तर देण्यासाठी शहर त्याला पोसते.

पण बांधाची उंचीही बघितली पाहिजे. सल्ला घ्या असे कायदा सांगतो. सल्ला माना असे सांगत नाही. वकिलाने ‘लढू नका’ असे लिहिले आणि आयुक्ताने ते वाचून फाईल खाली ठेवली, तरी कलमाचे पालन झाले. शिवाय हा सल्ला गुप्त. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १२६ वे कलम वकिलाचे तोंड बांधत असे, आणि जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे बंधन कायम आहे. पक्षकाराच्या संमतीवाचून त्याने दिलेला सल्ला बाहेर फोडता येत नाही. एका महापालिकेच्या वकिलांशी, शहराचे नाव सांगत नाही, औद्योगिक न्यायालयाच्या व्हरांड्यात माझे बोलणे झाले होते. आमच्या लोकांची बाजू स्वच्छ होती, हे त्यांना कळत होते. ते म्हणाले, “मी फाईलवर काय लिहिलंय ते तुम्हांला सांगता येत नाही. आत मी काय बोलतो ते मात्र तुम्ही ऐकालच.” आणि आत जाऊन ते पाऊण तास आमच्याविरुद्ध बोलले, चांगले बोलले.

आता हे संमती देणारे पक्षकार कोण? कायद्याने कॉर्पोरेशन, म्हणजे शहराने निवडलेली सभा. व्यवहारात, आयुक्त. आणि मुंबईत तर एक काळ असा आला की दोन्ही एकच झाले. ७ मार्च २०२२ रोजी निवडलेल्या सभेची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले, आणि नवी निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे स्थायी समितीचे अधिकारही त्याच खुर्चीत होते. तडजोडीला मंजुरी मागणारा आणि मंजुरी देणारा एकच, आणि वकिलाला सल्ला विचारणाराही तोच. फिरोजशहांनी १८७१ मध्ये मांडलेला मुद्दा दीडशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला, आणि त्या वेळी गिल्ला करणारे करदातेही फारसे दिसले नाहीत.

वकिलाच्या रोजच्या कामाबद्दल थोडे सांगून पुढे जातो. ५२७ वे कलम असे, की कायद्याच्या अंमलबजावणीत केलेल्या कृत्याबद्दल म्युनिसिपालिटीवर दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, आणि दावाही सहा महिन्यांच्या आत लावायचा. सामान्य माणसाला हे कलम जाच वाटते. कित्येकांचे दावे नुसत्या नोटिशीच्या घोळात बुडाले आहेत. परंतु त्याच कलमात असेही आहे, की दाव्यापूर्वी पुरेशी भरपाई देऊ केली असेल तर नुकसानीचा दावा टिकणार नाही. म्हणजे तो महिना भांडणाची तयारी करण्यासाठी नाही, चूक झाली असेल तर ती निस्तरण्यासाठी दिलेला आहे. नोटीस आली, आवक क्रमांक पडला, आणि महिना संपेपर्यंत ती कपाटात राहिली, तर कायद्याने दिलेली तडजोडीची संधी कपाटानेच खाल्ली असे म्हणावे लागेल.

कामगाराशी या वकिलाचा संबंध आधी आला तो फौजदारी कोर्टात. १८९० साली मुंबई सरकारने म्युनिसिपल नोकरांसाठी एक वेगळा कायदा केला. झाडूवाले, हलालखोर अशा नोकरांनी ठरलेल्या मुदतीची सूचना न देता काम सोडले, तर तो गुन्हा झाला. नोकरी सोडणे हा गुन्हा! ज्या कामाला दुसऱ्या जातीचा माणूस हात लावत नव्हता, ते काम सोडण्याचीही मुभा त्यांना नव्हती. शहराचे आरोग्य हे कारण पुढे केले गेले. ते कारण खोटे नव्हते. पण शहराचे आरोग्य ज्यांच्या हातांवर चालते त्यांची मजुरी वाढवून ते राखता येते, हा दुसरा मार्ग कायदा करणाऱ्यांना सुचला नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास लढाईचे मैदान बदलले. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आला आणि प्रश्न उभा राहिला, की म्युनिसिपालिटी हा ‘उद्योग’ आहे काय? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. तसा तो नव्हता. उद्योग असेल तर कामगाराला लवादाकडे जाता येणार, पगार, बढती, बडतर्फी यांवर दाद मागता येणार. नसेल तर मालकाच्या दारात हात जोडून उभे राहणे आले. बंगालमधल्या बजबज म्युनिसिपालिटीने दोन नोकरांना काढले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या डिसेंबरात सांगितले की म्युनिसिपालिटीतील असा तंटा औद्योगिक विवाद होऊ शकतो. तेवढ्याने शंका फिटली नाही. नागपूर महापालिकेच्या कामगारांनी पगाराचा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा महापालिकेच्या वतीने पुन्हा तोच पवित्रा घेण्यात आला: आम्ही सरकारसारख्या आहोत, आम्ही नफा करीत नाही, आमची खाती हा उद्योग नव्हे.

१० फेब्रुवारी १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य जन्माला येण्याच्या अडीच महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचा निकाल दिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी खात्यांमागून खाती तपासली. त्यांची कसोटी साधी होती. कायदे करणे, न्याय देणे यांसारखी खास राज्यसत्तेची कामे बाजूला ठेवा. बाकीचे काम एखाद्या खासगी माणसाने केले असते तर आपण त्याला उद्योग म्हटले असते का? मग म्युनिसिपालिटीने केले म्हणून त्याचे रूप पालटत नाही. दिवाबत्ती, पाणी, आग विझवणे, आरोग्य, बाजार, बागा, इतकेच काय शिक्षण खातेसुद्धा या कसोटीला उतरले. नागपूरच्या झाडूवाल्याला लढून मिळालेला हा हक्क पुढे देशभरच्या म्युनिसिपल कामगाराला उपयोगी पडला. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी उद्योगाची व्याख्या आणखी रुंद केली.

नागपूरच्या वकिलांना मी दोष देत नाही. मुद्दा तेव्हा अनिश्चित होता, आणि अनिश्चित मुद्दा कोर्टापुढे मांडणे हे वकिलाचे कामच आहे. मला बोलायचे आहे ते वेगळ्या तऱ्हेच्या युक्तिवादाबद्दल, जो कायद्यात बसेल पण शहराच्या तोंडी शोभणार नाही. त्याचे उदाहरण मुंबईतलेच आहे.

१८८८ च्या कायद्याचे ३१४ वे कलम आयुक्ताला रस्त्यावरचे व पदपथावरचे अतिक्रमण ‘नोटिशीवाचून’ काढण्याचा अधिकार देते. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी घोषणा केली, की मुंबईतल्या पदपथांवरील आणि झोपड्यांतील लोकांना उठवून आपापल्या गावी धाडले जाईल. भर पावसाळा होता. झोपड्या पाडल्या, माणसे बसमध्ये घालून रवाना केली. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही पदपथवासी कोर्टात गेले. त्यांच्यात तामिळनाडूतल्या सालेमहून १९६१ साली पोटामागे मुंबईला आलेला एक भूमिहीन मजूर होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.

या खटल्यात दोन युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखे झाले. पहिला असा: मुंबईच्या उच्च न्यायालयात पदपथवासीयांच्या बाजूने कबुली दिली गेली होती की पदपथावर झोपडे बांधण्याचा मूलभूत हक्क आम्हांला नाही, आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर झोपड्या हटवण्यास आम्ही आड येणार नाही. आता त्यांना शब्द फिरवता येणार नाही, असे प्रतिवादींच्या वतीने सांगण्यात आले. दोन सावकारांच्या तंट्यात हा मुद्दा बिनतोड ठरला असता. न्यायालयाने तो झिडकारला. राज्यघटनेने दिलेला हक्क कोणी कोर्टात सोडून दिला तरी तो सुटत नाही, असे त्यांनी सांगितले. आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्वही याच निकालातून आले.

दुसरा युक्तिवाद महापालिकेचा स्वतःचा. नोटीस देऊन उपयोग काय? सार्वजनिक जागेवर बसलेला माणूस उत्तर तरी काय देणार? म्हणून कायद्याने नोटीस नको म्हटले, ते सर्वच प्रसंगी नको असेच म्हटले आहे. मी स्वतः झाडूवाल्यांच्या वस्तीत वाढलो, त्यामुळे हा युक्तिवाद वाचताना माझ्या अंगावर काटा येतो हे कबूल करतो. ‘तुझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, म्हणून तुला विचारत नाही’ असे शहराने आपल्या रहिवाशाला सांगावे! न्यायालयाने हेही मानले नाही. कलम आयुक्ताला मुभा देते, सक्ती करीत नाही. नोटीस देणे हा नियम आणि न देणे हा अपवाद. माणसाचे म्हणणे ऐकण्याला, निकाल काहीही लागो, स्वतःची किंमत असते.

तरीही शेवट काय झाला? कलम वैध ठरले. या लोकांचे म्हणणे आता आमच्यापुढे ऐकून झाले आहे, तेव्हा पुन्हा सुनावणीला पाठवण्याचे कारण नाही, असे न्यायालय म्हणाले. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, झोपड्यांना हात लावू नये, आणि १९७६ च्या गणतीत ज्यांना ओळखपत्रे मिळाली त्यांना सरकारने दिलेल्या आश्वासनाप्रमाणे मालवणीला किंवा अन्यत्र जागा द्यावी, एवढे संरक्षण मिळाले. मोठी तत्त्वे पदपथवासीयांच्या पदरात पडली, खटला महापालिकेच्या. वकिलाच्या वहीत हा विजय म्हणून लिहिला गेला असेल, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे.

येथे कोणी विचारील, की पक्षकाराने सांगितले ते मांडण्यावाचून वकिलाला गत्यंतर आहे काय? आहे. बार कौन्सिलचे नियम त्याला बजावतात की पक्षकाराला अनुचित मार्गापासून परावृत्त करण्याची शिकस्त कर, आणि स्वतःला पक्षकाराचे नुसते मुखपत्र समजू नकोस. अडचण अशी, की पगारी विधी अधिकाऱ्याला हे नियम लागू तरी कितपत होतात? हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातील एका कायदे अधिकाऱ्याच्या सनदेचा प्रश्न २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पूर्ण वेळ पगारावर राहून टिपणे लिहिणारा आणि वरिष्ठांच्या शिस्तीखाली असणारा माणूस वकील म्हणून नोंदवता येत नाही, असा निर्णय झाला. म्हणजे मोठ्या महापालिकेत काम दोघांत वाटले जाते. सल्ला लिहिणारा पगारी, त्याच्या बढतीची आणि बदलीची दोरी वरिष्ठांच्या हाती. कोर्टात बोलणारा स्वतंत्र, पण त्याच्या हाती येते ती तयार झालेली फाईल. पहिल्याजवळ ज्ञान आहे, पाठीचा कणा टिकवायला आधार नाही. दुसऱ्याजवळ आधार आहे, पण त्याला कोणी ‘लढावे का?’ असे विचारतच नाही, ‘कसे लढावे?’ एवढेच विचारतात. ५१७ व्या कलमातला बांध या दोघांच्या मधल्या फटीतून फुटतो, असे माझे मत आहे.

‘पैसे नाहीत’ हा बचाव तर सर्वांत जुना. रतलामच्या म्युनिसिपालिटीने तो घेतला होता. न्यू रोडच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडून हुकूम मिळवला, आणि तो पाळण्याऐवजी ती म्युनिसिपालिटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिला सुनावले की कायद्याने लादलेले कर्तव्य दारिद्र्याच्या सबबीखाली टळत नाही. गटार बांधायला पैसा नव्हता. दिल्लीपर्यंत वकील उभे करायला होता.

आता आमच्या कचरा कामगारांकडे येतो. मुंबईचा कचरा गाडीत भरणारे हजारो हात कंत्राटदाराचे म्हणून दाखवले जात. १९९७ मध्ये कचरा वाहतूक श्रमिक संघ उभा राहिला. कायदा कामगाराच्या बाजूने अगदीच रिता नव्हता. महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा सांगतो, की कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत असे म्हटले खरे, पण कंत्राट नुसता देखावा असेल तर कामगार मूळ मालकाचाच, हेही त्याच निकालात आहे. मग देखावा अधिक जाड करण्याची कला सुरू झाली. मुंबईत ‘हैदराबाद पॅटर्न’ या नावाखाली कंत्राटदाराला संस्था म्हटले गेले आणि कामगाराला ‘स्वयंसेवक’. पहाटे उठून कुजलेला कचरा खांद्यावर वाहणारा माणूस हौसेने समाजसेवा करतो आहे, असे कागद बोलू लागले! स्वयंसेवकाला किमान वेतन कशाला?

२००६ साली उमादेवी खटल्याचा निकाल आल्यावर सर्व सरकारी मालकांच्या वकिलांना नवे हत्यार मिळाले. मागल्या दाराने आलेल्यांना कायम करता येत नाही, हा त्याचा आशय. आमच्या प्रत्येक अर्जाला तोच निकाल जोडून उत्तर येऊ लागले. राज्य परिवहन महामंडळाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला, की अनुचित प्रथा सिद्ध झाली असेल तर औद्योगिक न्यायालयाचा हात उमादेवीने बांधलेला नाही. हा खुलासा म्युनिसिपालिट्यांच्या लेखी उत्तरांत सहसा आढळत नाही. न्यायालयापुढे आपल्याविरुद्ध जाणारा निकालही ठेवावा, ही वकिलीतली जुनी शिस्त आहे, आणि सार्वजनिक संस्थेच्या वकिलाने तर ती दुप्पट पाळायला हवी.

श्रमिक संघाच्या लढ्यात औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली सुमारे २७०० कामगारांच्या बाजूने निवाडा दिला: कंत्राट देखाव्याचे, कामगार महापालिकेचे. इथे ५१७ व्या कलमाचा प्रश्न पुन्हा आला, ‘हे पुढे लढावे का?’ महापालिका उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०१७ मध्ये तिथेही हरली. या तीन वर्षांत महापालिकेचे काय गेले? वकिलांची फी, जी करदात्याने भरली. त्यात कचरा उचलणाऱ्यांनी साबणावर आणि बिडीवर भरलेला करही आला. कामगारांच्या बाजूने मात्र ही तीन वर्षे कचऱ्याच्या ढिगात गेली, आणि त्या ढिगातून येणारा क्षय व दमा तारखेची वाट पाहत नाही.

निकाल लागल्यावर पडताळणी सुरू झाली. हजेरीच्या कागदावर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे. मुकादमाने पंधरा वर्षांपूर्वी घाईत लिहिलेले नाव आणि माणूस एकच आहे, हे त्या माणसाने सिद्ध करायचे. जे मधल्या काळात मेले त्यांच्या बायकांनी सिद्ध करायचे. त्या फायलीही कायदेखात्याकडे अभिप्रायासाठी जातात, आणि ‘ओळख पटते’ एवढे दोन शब्द तिथे बसलेल्या माणसाला लिहिता येतात.